दोन हेस्टिंग्ज, एक पेढी आणि वऱ्हाडची रयत: महाभियोगाच्या वादात राहून जाणारा प्रश्न

१/ गेल्या काही वर्षांत 'महाभियोग' हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडला आहे. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा महाभियोग चालला. दोन्ही वेळा सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. दक्षिण कोरियाच्या संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले. अशा प्रत्येक प्रसंगी आपल्याकडे एकच वाद रंगतो: माणूस भ्रष्ट होता की नव्हता?

२/ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे, असे माझे मत आहे. सत्ताधीश व्यक्तिशः स्वच्छ असूनही त्याच्या निर्णयाने एखादा मुलूख कर्जात बुडू शकतो. याचे उदाहरण शोधायला वॉशिंग्टन किंवा सोलपर्यंत जाण्याची गरज नाही. अचलपूर, अमरावती, अकोला एवढा प्रदेश पुरेसा आहे. दोनशे वर्षांपूर्वी पदावर असलेल्या गव्हर्नर जनरलच्या वर्तनावर जो मोठा वाद झाला, त्याच्या तळाशी निजामाच्या मुलखाचा, आणि त्यात आपल्या वऱ्हाडचाही, महसूल होता.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. महाभियोग ही मूळची इंग्लंडमधील पद्धत. हाऊस ऑफ कॉमन्सने आरोप ठेवायचे आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने न्यायनिवाडा करायचा. हिंदुस्थानच्या संदर्भातला सर्वांत गाजलेला खटला वॉरन हेस्टिंग्जचा. बनारसच्या चेतसिंगाकडून केलेली वसुली, अवधच्या बेगमांची संपत्ती, नजराणे आणि ठेके हे त्यातील प्रमुख आरोप. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी सुनावणी सुरू झाली आणि २३ एप्रिल १७९५ रोजी तो निर्दोष सुटला. सात वर्षे खटला चालला आणि शिक्षा मात्र झाली नाही.

४/ या खटल्याची सावली थेट अमेरिकेच्या राज्यघटनेवर पडली. सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना राष्ट्राध्यक्षाला हटवण्याची कारणे फक्त देशद्रोह आणि लाचखोरी अशी ठरत होती. जॉर्ज मेसन याने हरकत घेतली. इंग्लंडमध्ये तेव्हा चर्चेत असलेल्या हेस्टिंग्जचे उदाहरण देऊन तो म्हणाला, की हेस्टिंग्जचा अपराध देशद्रोहाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे ही व्याख्या पुरेशी नाही. मग 'गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' अशी व्यापक शब्दयोजना आली. ट्रम्प यांच्या महाभियोगात ज्या शब्दांवर कीस पाडला गेला, ते शब्द असे जन्मले.

५/ आता दुसरा हेस्टिंग्ज. याचा पहिल्याशी निकटचा नातेसंबंध नाही. केवळ नावाचे साम्य. लॉर्ड मॉयरा म्हणून १८१३ मध्ये आलेला आणि पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झालेला हा गव्हर्नर जनरल महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त आणि १८१८ मधला पेशवाईचा अस्त, दोन्ही याच्याच कारकिर्दीत झाले. मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्याचा उल्लेख क्वचितच येतो, ते पामर प्रकरणही याच कारकिर्दीतले.

६/ वऱ्हाडची तेव्हाची स्थिती पाहू. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेस अडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडला आणि तो मुलूख निजामाकडे गेला. तोवर येथील रयत निजाम आणि भोसले अशा दोन धन्यांना वसूल देत होती. एक धनी कमी झाला, म्हणून ओझे हलके झाले असे कोणी समजू नये.

७/ कारण आता फौज आली. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत राहणारी ही फौज पुढे 'हैदराबाद कंटिंजेंट' म्हणून ओळखली गेली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे तिच्या छावण्यांपैकी एक. आजचे परतवाडा त्याच छावणीच्या आधाराने वाढले. फौजेला दरमहा रोख पगार हवा. निजामाच्या खजिन्यात रोकड नाही. ही फट ज्याने भरली, त्याच्या हाती मुलखाच्या नाड्या जाणार हे उघड होते.

८/ ती फट भरली विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीने. विल्यम पामर हा इंग्रज सेनाधिकारी बाप आणि मोगल घराण्यातील मुसलमान आई यांचा मुलगा. बाप जनरल पामर हा वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला आणि पुढे पुण्याच्या दरबारातला रेसिडेंट. मुलगा आधी निजामाच्या फौजेत होता, मग त्याने सावकारी सुरू केली. निजाम सिकंदरजाहच्या दरबारात कारभाराची सूत्रे चंदुलालच्या हाती होती. चंदुलालला पैसा हवा होता आणि पामरला गिऱ्हाईक.

९/ व्यवहाराची रीत साधी होती. पेढीने फौजेचा पगार आगाऊ भरायचा. बदल्यात चंदुलालने ठरावीक परगण्यांच्या महसुलाचे तनखे पेढीला लिहून द्यायचे. महसूल थेट सरकारात न जाता सावकाराकडे जायचा. खाली इजारदार, त्याच्या खाली पाटील-देशमुख, सर्वांत खाली रयत. व्याजाचा दर वरच्या मजल्यावर ठरे; तो फेडला जाई तळमजल्यावरच्या कापसातून आणि ज्वारीतून.

१०/ यात कायद्याचा एक अडसर होता. १७९७ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने सरकारच्या परवानगीवाचून देशी संस्थानिकांना कर्ज देणे निषिद्ध होते. अर्काटच्या नबाबाच्या कर्जांनी मद्रासेत जो गोंधळ घातला, त्यातून हे शहाणपण आले होते. पामरच्या पेढीला १८१६ मध्ये खुद्द गव्हर्नर जनरल आणि त्याच्या कौन्सिलने सूट दिली.

११/ येथेच वादाचे मूळ आहे. पेढीत सर विल्यम रम्बोल्ड हा भागीदार झाला होता. त्याची पत्नी लॉर्ड हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेली. हेस्टिंग्ज तिला लेकीसारखी मानत असे. रेसिडेन्सीतील काही अधिकाऱ्यांचेही हितसंबंध या पेढीत गुंतलेले होते. ज्यांनी निजामाच्या कारभारावर लक्ष ठेवायचे, त्यांचाच पैसा निजामाच्या कर्जावर व्याज कमावत होता.

१२/ १८२० मध्ये ६० लाख रुपयांच्या नव्या कर्जाला मंजुरी हवी होती. कारणे ऐकायला गोड होती: नोकरांचे थकलेले पगार चुकवणे, सावकारांची जुनी देणी फेडणे आणि रयतेला तगाई देणे. कौन्सिलमध्ये मते समसमान पडली आणि हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत कर्जाच्या बाजूने टाकले. वाचकहो, या 'तगाई'कडे लक्ष असू द्या. रयतेचे नाव कागदावर येते ते असे, कर्ज मंजूर करून घेण्यापुरते.

१३/ त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ हैदराबादचा रेसिडेंट म्हणून आला. तो स्वतः मुलखात फिरला, हिशेब मागवले आणि त्याला दिसले ते असे: ६० लाखांचे कर्ज म्हणजे बव्हंशी जुन्याच देण्यांची नव्या खात्यावर केलेली नोंद. त्यातच भागीदारांचा ८ लाखांचा 'बोनस' मुद्दल म्हणून मिळवलेला. मेटकाफने सुचवले, की कंपनी सरकारने सहा टक्क्यांनी पैसा उभारून पेढीचे देणे एकदाचे मिटवावे.

१४/ हेस्टिंग्ज संतापला. आपल्या हाताखालचा अधिकारी आपल्याच निर्णयाची चौकशी करतो, हे त्याला रुचले नाही. दोघांतील पत्रव्यवहार कडवट झाला. दरम्यान लंडनच्या संचालक मंडळानेही पेढीची सूट काढून घेण्याचा हुकूम पाठवला होता. १ जानेवारी १८२३ रोजी हेस्टिंग्ज हिंदुस्थान सोडून निघाला. हंगामी गव्हर्नर जनरल जॉन अ‍ॅडमने पेढीच्या कर्जाची परतफेड करून टाकली. १८२४ मध्ये पेढी बुडाली.

१५/ दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण एकतर्फी इतिहास हा इतिहास नव्हे. पहिले, हैदराबादच्या बाजारात इतर सावकारांचे व्याजही पामरहून कमी नव्हते. पामर हा त्या बाजारातला अपवादात्मक राक्षस नव्हता. दुसरे, पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात फौजेचा पगार वेळेवर होणे ही हेस्टिंग्जच्या दृष्टीने खरी निकड होती. तिसरे, परवानगी देण्यापूर्वी त्याने कायदेशीर सल्ला घेतलेला होता. ही तिन्ही कारणे मला खोटी वाटत नाहीत.

१६/ शिवाय चौकशी करणारी बाजूही निःस्वार्थ नव्हती. पामरचे देणे फेडायला पैसा आला कोठून? उत्तर सरकार या किनारपट्टीच्या प्रदेशाबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या मोबदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी धरले गेले. निजामाचे कर्ज फिटले, पण दरसालचे हक्काचे उत्पन्न गेले. कंपनीच्या डोक्यावरचे वार्षिक देणे मात्र कायमचे उतरले. औषध देणाऱ्यानेच रोग्याचे शेत लिहून घेतले!

१७/ मग लंडनचा वाद. १८२५ च्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत या प्रकरणावर अनेक दिवस चर्चा झाली. हैदराबादच्या कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथच त्यांच्यापुढे छापून ठेवला होता. हेस्टिंग्जच्या मित्रांचा ठराव असा, की या कागदांतून त्याच्या चारित्र्याला बाधा येत नाही. संचालकांची दुरुस्ती अशी, की त्याच्यावर भ्रष्ट हेतूचा आरोप करण्यास आधार नाही, परंतु पेढीविषयी संचालकांनी पाठवलेले टीकेचे खलिते योग्यच होते. दुरुस्ती मंजूर झाली.

१८/ महाभियोगापर्यंत गोष्ट गेलीच नाही. इंग्लंडमधला शेवटचा महाभियोग १८०६ मध्ये संपला होता. ते शस्त्र म्यानात गंजत पडले होते. नोव्हेंबर १८२६ मध्ये हेस्टिंग्ज नेपल्सजवळ जहाजावर वारला. प्रकरण मिटले, असे लंडनला वाटले.

१९/ आता या सभेकडे वऱ्हाडातून पाहा. मतदार कोण? कंपनीचे भागधारक. एक मत मिळायला हजार पौंडांचे भाग जवळ हवेत. आरोप करणारे तेच, तपासणारे तेच, निवाडा देणारेही तेच. वाद कशावर? एका उमरावाच्या अब्रूवर. ज्या महसुलावर हे सारे इमले उभे होते, तो देणाऱ्या कुणब्याला किती भुर्दंड पडला आणि तो कोणी भरून द्यावा, यावर त्या सभेपुढे ठरावच नव्हता. 'त्याने खाल्ले का?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आल्याबरोबर 'मग गेले कोणाचे?' हा प्रश्नही दप्तरी दाखल झाला.

२०/ प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून रीतही बदलली नाही. मेटकाफने इंग्रज अधिकारी नेमून मुदतबंद जमाबंदी लावली होती. १८२९ मध्ये नव्या निजामाने ती देखरेख काढून टाकली. चंदुलाल कायम राहिला. पामर गेला, वऱ्हाडचा बराच मुलूख पुरणमल सावकाराच्या इजाऱ्यात गेला. तो गेल्यावर मुंबईला वऱ्हाडी कापूस नेणाऱ्या पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीला तनखे मिळाले. पाट्या बदलल्या, वही तीच राहिली.

२१/ आणि १८५३ मध्ये शेवटचा सावकार आला: खुद्द कंपनी सरकार. कंटिंजेंटच्या पगाराची थकबाकी आणि त्यापायी साचलेले कर्ज यांचा हिशेब पुढे करून डलहौसीच्या काळात निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतले गेले. १९०२ मध्ये कर्झनने तेच कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतले, दरसाल २५ लाखांच्या बदल्यात. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असे आपण अभिमानाने म्हणतो. ती कुऱ्हाड गहाण पडली होती हेही म्हणायला हवे.

२२/ आता आपल्या संविधानाकडे. संविधान सभेत वऱ्हाडातून गेलेल्या सदस्यांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. या सभेने राष्ट्रपतींसाठी अनुच्छेद ६१ लिहिला. महाभियोगाचे कारण एकच: 'संविधानाचा भंग'. लाच, देशद्रोह अशी यादी नाही. म्हणजे मेसनची हरकत आपल्याकडे मुळातच मान्य झालेली आहे. सत्ताधीशाने पैसा खाल्ला की नाही एवढ्यावर प्रश्न अडत नाही.

२३/ रीतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. सभागृहाच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीने चौदा दिवसांची नोटीस. एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांनी दोषारोप. मग दुसरे सभागृह तपास करील किंवा करवील. राष्ट्रपतींना हजर राहण्याचा आणि आपला प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क. तेथेही दोन-तृतीयांश मते पडली तरच पदच्युती. आरोप करणारा आणि तपासणारा वेगळा, हे १८२५ च्या भागधारक सभेत नव्हते. आजवर ही तरतूद एकदाही वापरावी लागलेली नाही.

२४/ अमरावतीकरांना हे अनुच्छेद परके वाटू नयेत. याच मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या राष्ट्रपती झाल्या. आपल्या गावाशी नाते असलेली व्यक्ती सर्वोच्च पदावर बसली, की अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण पदाचा आदर आणि पदाची तपासणी यांत विरोध आहे, हा समज आपण सोडला पाहिजे. हेस्टिंग्जच्या मित्रांनी नेमकी हीच गल्लत केली: चौकशीची मागणी म्हणजे अपमान.

२५/ माझे म्हणणे तीन वाक्यांत. एक, चौकशी आणि पदच्युती या भिन्न गोष्टी आहेत; हटवण्याइतकी मते नाहीत म्हणून तपासच नको, हा युक्तिवाद फसवा आहे. दोन, दोषमुक्ती म्हणजे नुकसान झालेच नाही असा दाखला नव्हे. तीन, सत्तेवर कोणीही असो, आपल्या पसंतीचा असो वा नसो, पहिला प्रश्न 'किंमत कोणी मोजली?' हा असावा. दोन-तृतीयांशाचा उंबरठा उंच आहे आणि तो तसाच असावा, नाहीतर प्रत्येक बहुमत राष्ट्रपती बदलू पाहील. पण प्रश्न विचारायला कोणताही उंबरठा नको.

२६/ कोणी म्हणेल, शिक्षा होणार नसेल तर चौकशीचा उपयोग काय? माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे याचे उत्तर आहे. मेटकाफने हिशेब मागवले, भागधारकांनी कागद छापून घेतले, म्हणूनच आज ८ लाखांचा तो 'बोनस' आपल्याला ठाऊक आहे. अयशस्वी चौकशीही दप्तर मागे ठेवते. जी चौकशी झालीच नाही, तिचे दप्तर नसते. मग उरते ती केवळ कीर्ती.

२७/ तरीही त्या दप्तरात एक रिकामी जागा आहे. गव्हर्नर जनरलचे मत त्यात आहे, रेसिडेंटचा संताप आहे, भागीदारांची सफाई आहे, चंदुलालच्या मागण्या आहेत. अडगावच्या किंवा अचलपूरच्या एखाद्या कुणब्याला विचारले, की बाबा, या कर्जापायी तुझे काय गेले, असा एक जबाब मात्र मला त्या वादात कोठे भेटला नाही. पुढच्या वेळी जगात कोठेही महाभियोगाची बातमी आली, तर आरोपी सुटला की अडकला हे पाहण्याआधी एवढे पाहा: त्या जबाबाची जागा या वेळी तरी भरली आहे का?